कोल्हापुराहून गेलेलें एक पत्र

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं शाळा सुटल्यावर एक गृहस्थ भेटावयास आले. पन्हाळ्याकडील शेतकरी, मुलगा आमच्याच शाळेंतून दहावी होऊन पुढें कॉलेजांत गेलेला. हातांत कोणा दलालानें दिलेलें रंगीत माहितीपत्रक, आणि त्यावर परदेशांतील एका विद्यापीठाच्या हिरव्यागार मैदानाचें चित्र. बसावयास सांगितलें तरी ते उभेच राहिले. म्हणाले, "सर, पोराला भाईर धाडायचं म्हंतोय. किती लागत्यात, तेवढं सांगा." उसाची दोन एकर जमीन गहाण टाकण्याचें त्यांच्या मनांत जवळजवळ ठरून गेलें होतें.

मीं त्यांना आकडा सांगितला नाहीं. पैशांचा आकडा हा या खर्चाचा एक भाग झाला. दुसरा भाग रुपयांत मोजतां येत नाहीं, आणि बहुतेक घरीं त्याचा हिशेब कोणी मांडीतच नाहीं. लूककृत शुभवर्तमानांत बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आहे. शहाणा मनुष्य आधीं बसून खर्चाचा अदमास घेतो. त्या सायंकाळीं आम्ही दोघे तसेच बसलों. जें बोलणें झालें तें येथें जरा विस्तारानें लिहीत आहें. कारण हा प्रश्न घेऊन येणारे पालक आतां वर्षानुवर्षें वाढत आहेत.

परदेशीं जाणें ही कोल्हापुरास नवी गोष्ट नव्हे. १८७० सालीं येथील तरुण छत्रपति राजाराम महाराज इंग्लंडास गेले. विशीच्या आसपास वय. इंग्रजीचें शिक्षण उत्तम झालेलें. बरोबर कॅप्टन वेस्ट हे अधिकारी व आपल्या रीतीचें अन्न करून घालणारीं माणसें. महाराजांनीं या प्रवासाची रोजनिशी इंग्रजींत लिहिली व ती पुढें १८७२ सालीं लंडनमध्यें छापली गेली. पैशाची, माणसांची, भाषेची कसलीच उणीव नव्हती. परंतु परतीच्या वाटेवर इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं त्यांची प्रकृति बिघडली व ३० नोव्हेंबर १८७० रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला. आर्नो नदीच्या कांठीं त्यांचें दहन झालें. त्या ठिकाणीं आजही छत्रीखालीं त्यांचा अर्धपुतळा उभा आहे, आणि जवळच्या पुलाला तेथील लोक 'हिंदी माणसाचा पूल' अशा अर्थाच्या नांवानें ओळखतात. सर्व तयारी असूनही शरीर साथ देईल कीं नाहीं हा प्रश्न उरतोच, ही गोष्ट कोल्हापुरानें अशी पहिल्याच खेपेस अनुभविली. ती पुनः एकदां, अधिक जवळून, अनुभवावयाची होती.

आठ वर्षांनंतर, १८७८ सालीं, कोल्हापूरच्या टपालखात्यांतील एका कारकुनानें अमेरिकेस एक पत्र धाडलें. त्यांचें नांव गोपाळराव जोशी. पत्नीस शिकवावयाचें, आणि हिंदुस्थानांत तें धड होत नाहीं, म्हणून अमेरिकेंत स्वतःस कांहीं काम मिळून तिच्या शिक्षणाची सोय होईल काय, अशी त्यांत विचारणा होती. पत्र पोंचलें रेव्हरंड रॉयल विल्डर यांच्याकडे. आमच्या वाचकांना हें नांव अपरिचित नसावें. १८५२ सालीं कोल्हापुरांत मिशनचें काम ज्यांनीं सुरू केलें तेच हे विल्डर. त्यांचा मुलगा रॉबर्ट याचा जन्म कोल्हापूरचाच. पुढें अमेरिकेंतील कॉलेजांतून तरुणांना मिशनकार्यास पाचारण करणारी मोठी चळवळ त्यानें उभी केली. वडील विल्डर तोंवर अमेरिकेस परतून प्रिन्स्टन येथून 'मिशनरी रिव्ह्यू' नांवाचें नियतकालिक चालवूं लागले होते.

विल्डर साहेबांनीं उत्तर दिलें, पण त्याचा रोख शिक्षणापेक्षां धर्मांतराकडे अधिक होता. गोपाळरावांना तें रुचलें नाहीं. मी स्वतः ख्रिस्ती आहें व मिशनच्या शाळेंत शिकलेला आहें. तरी मला वाटतें कीं, त्या दिवशीं एका तेरा वर्षांच्या मुलीच्या शिक्षणाची विनंति आली असतां आमच्या वडीलधाऱ्यांनीं आधीं तिला दार उघडावयास हवें होतें. परंतु विल्डरांनीं एक गोष्ट केली, आणि ती फार मोलाची ठरली: तो पत्रव्यवहार त्यांनीं आपल्या नियतकालिकांत छापला. पुढें १८८० सालीं न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या मिसेस कार्पेंटर या बाई दांतांच्या वैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहात बसल्या होत्या. तेथें पडलेला तो जुना अंक त्यांनीं चाळला, त्यांतलें पत्र त्यांच्या मनास लागलें, आणि त्यांनीं हिंदुस्थानांतील त्या अनोळखी मुलीस पत्र लिहिलें. ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. मिसेस कार्पेंटर यांना ती पुढें 'मावशी' म्हणूं लागली.

मुलांनो, आनंदीबाई अमेरिकेस गेल्या व डॉक्टर झाल्या एवढें तुम्हीं पाठ्यपुस्तकांत वाचलें असेल. मला आज त्या जाण्यापूर्वींच्या पांच वर्षांविषयीं सांगावयाचें आहे. कारण तीच त्यांची खरी तयारी होती, आणि ती कोणत्याही शाळेनें आंखून दिलेली नव्हती.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, कल्याणचें घराणें. नवव्या वर्षीं लग्न झालें. चौदाव्या वर्षीं मूल झालें व दहा दिवसांत गेलें. योग्य उपचार मिळते तर तें वांचतें, या विचारानें डॉक्टर होण्याची इच्छा त्यांच्या मनांत रुजली असें सांगतात. नवऱ्याच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता व श्रीरामपूर असा प्रवास झाला. गोपाळराव स्वतः शिकवीत, आणि त्यांचा धाक मारझोडीपर्यंत जात असे, हें आनंदीबाईंच्याच पत्रांवरून दिसतें. कित्येक चरित्रलेखक या गोष्टीवर पांघरूण घालतात. मला तें योग्य वाटत नाहीं. बायको शिकावी म्हणून हात उगारणारा नवराही हात उगारणाराच.

या पांच वर्षांत त्यांच्या इंग्रजीस खरें वळण लागलें तें पत्रांनीं. मावशींस पत्र लिहावयाचें म्हणजे आपला सण, आपलें लग्न, आपलें जेवण, आपला देव हें सर्व परक्या माणसाला त्याच्या भाषेंत समजावून सांगावयाचें. पाठांतराचे निबंध लिहून ही कला येत नाहीं. समोर खरोखरीचा वाचक असावा, त्याला आपल्याविषयीं कांहीं ठाऊक नसावें, आणि त्यानें पुढच्या टपालानें शंका विचाराव्या, तेव्हां कोठें भाषा अंगवळणी पडते. त्याच वेळीं अमेरिकेंतील घर कसें असतें, थंडी किती, बायका कशा राहतात, हेंही त्यांना कळत गेलें. म्हणजे न्यूयॉर्कच्या धक्क्यावर पाऊल टाकण्यापूर्वीं त्यांचें एक घर तेथें तयार झालेलें होतें.

दुसरी तयारी घडली श्रीरामपुरास. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं तेथील कॉलेजच्या सभागृहांत आनंदीबाई इंग्रजींत बोलावयास उभ्या राहिल्या. (हें कॉलेज विल्यम केरी व त्यांचे सहकारी यांनीं १८१८ सालीं स्थापिलेलें, याच केरीसाहेबांचें मराठीचें व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपुरास छापलें गेलें. आपल्या भाषेचें त्या गांवाशीं असें जुनें नातें आहे.) लोक त्यांना वाटेंत अडवून, घरीं येऊन, नाना प्रश्न विचारीत. ते प्रश्न त्यांनीं सहा करून मांडले. अमेरिकेसच कां? येथें शिकण्याची सोय नाहीं काय? एकटी कां जातेस? परत आल्यावर वाळींत टाकतील त्याचें काय? तेथें कांहीं संकट आलें तर काय करशील? आणि जें आजवर कोणा बाईनें केलें नाहीं तें तूंच कां करावें? एकेक प्रश्न घेऊन सतरा वर्षांच्या या मुलीनें भर सभेंत उत्तर दिलें. हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येऊन आपल्या माणसांत राहीन, हेंही तेथेंच सांगितलें. ती सभा मिशनच्या कॉलेजांत भरली होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या बोलण्याचें धैर्य कळतें. आणि ऐकून घेणाऱ्यांचेंही.

आज परदेशांतील बहुतेक विद्यापीठें प्रवेशाच्या अर्जाबरोबर एक निवेदन मागतात. तूं कोण, येथेंच कां येऊं पाहतोस, शिकून पुढें काय करणार? दलाल हें निवेदन पैसे घेऊन लिहून देतात व तीं सारीं एकाच छापाचीं असतात. ज्याला असें निवेदन लिहावयाचें आहे त्यानें त्या सहा प्रश्नांवर आपलीं स्वतःचीं उत्तरें प्रथम मराठींत लिहून काढावीं. सहांपैकीं दोनांचीं उत्तरें नाहीं सुचलीं, तर जाण्याची वेळ अजून आलेली नाहीं असें खुशाल समजावें.

वाटखर्चासाठीं अंगावरचे दागिने विकले गेले. ७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई मिशनशीं संबंध असलेल्या बायकांच्या सोबतीनें कलकत्त्याहून निघाल्या व ४ जूनला न्यूयॉर्कला पोंचल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत त्यांना प्रवेश व शिष्यवृत्ति मिळाली. तेथें त्यांच्याबरोबर आणखी दोघी पूर्वेकडील मुली शिकत होत्या, एक सीरियाची व दुसरी जपानची. तिघींचें १८८५ सालचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. प्रत्येकीनें आपापल्या देशाचा वेष केलेला आहे.

त्यांतील जपानी विद्यार्थिनी केई ओकामी ही योकोहामा येथील मिशनच्या मुलींच्या शाळेंतून शिकून आलेली. जपानची ही हकीकत थोडी सांगण्यासारखी आहे. १८७१ सालीं जपान सरकारनें आपल्या वकिलातीबरोबर पांच मुली शिक्षणासाठीं अमेरिकेस धाडल्या. सर्वांत धाकटी त्सुदा उमेको, वय अवघें सहा! यामाकावा नांवाची दुसरी अकरा वर्षांची. निघतांना तिच्या आईनें तिचें नांव बदलून 'सुतेमात्सु' ठेविलें. टाकून देणें व वाट पाहणें असे दोन्ही अर्थ त्या नांवांत गुंफलेले आहेत. खर्च सरकारचा, राहण्याची सोय चांगल्या घरांत. परंतु अकरा वर्षांनीं उमेको मायदेशीं उतरली तेव्हां ती आपली मातृभाषा विसरून गेली होती, व स्वतःच्या आईबापांशीं बोलावयास तिला अडचण पडूं लागली. जपानी तिला नव्यानें शिकावी लागली. पुढें १९०० सालीं तिनें तोक्यो येथें मुलींची शाळा काढली, तिचें आज विद्यापीठ झालें आहे, आणि २०२४ पासून जपानच्या पांच हजार येनांच्या नोटेवर तिचें चित्र आहे. असें असलें तरी सहा वर्षांच्या लेंकराला समुद्रापार धाडण्याच्या त्या निर्णयाला मी तयारी म्हणणार नाहीं.

जपाननेंही पुढें वेगळा विचार केला. २०१४ पासून तेथील सरकारनें कांहीं निवडक शाळांना 'सुपर ग्लोबल हायस्कूल' म्हणून विशेष साहाय्य दिलें. नांव भपकेबाज आहे, पण त्यांतली पद्धत आपण उचलण्यासारखी आहे. विद्यार्थ्यानें एखादा खराखुरा प्रश्न घ्यावयाचा, त्याचा स्वतः शोध करावयाचा, लोकांना भेटावयाचें, आणि जें हातीं आलें तें लिहून, परक्या भाषेंतही, चार लोकांपुढें उभें राहून मांडावयाचें. यांत घोकंपट्टीस फारशी जागा उरत नाहीं. आपल्या मुलांनीं हें कां करूं नये? २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेचें पाणी कोल्हापुरांत कोठवर चढलें व तें इतक्या हळू कां उतरलें, हा प्रश्न एखाद्यानें घ्यावा. शिरोळकडील एखाद्या गांवांत जाऊन पंधरा घरांतून विचारपूस करावी, भिंतींवरच्या खुणा मोजाव्या, मग तें सारें दहा मिनिटें इंग्रजींत सांगून पाहावें. प्रथम घाम फुटेल. परंतु परदेशांतील वर्गांत पहिल्याच आठवड्यांत जें करावें लागतें तें हेंच.

येथें मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या एका विद्यार्थ्याकरितां मीं शिफारसपत्र लिहिलें. मुलगा गणितांत हुशार, स्वभावानें गरीब, वर्गांत कधीं तोंड न उघडणारा. विद्यापीठाच्या छापील पत्रकांत विचारलें होतें कीं, हा विद्यार्थी इंग्रजींत चर्चा करूं शकतो काय. मीं 'उत्तम प्रकारें' असें लिहिलें. दयेपोटीं लिहिलें, वाटलें, एकदां तेथें गेला म्हणजे शिकेल. त्यास प्रवेश मिळाला. तेथें व्याख्यानांतील निम्मेंअधिक त्याच्या डोक्यावरून जाई. विचारावें कोणास हें समजेना, आणि घरीं कळवावयाची लाज वाटे. वडिलांना तो फोनवर 'सर्व छान आहे' म्हणे. वर्षाच्या अखेरीस तो परत आला. त्याच्या वडिलांचें कर्ज फिटावयास किती वर्षें लागलीं तें मी पाहिलेलें आहे. तो आजही भेटला म्हणजे आदरानें नमस्कार करतो, आणि तेंच मला अधिक लागतें. तेव्हांपासून शिफारसपत्र मागणाऱ्यास मी आधींच सांगतों कीं, मी खरें तेंच लिहीन. आणि जें उणें असेल तें भरून काढण्यासाठीं दीड वर्ष आधीं माझ्याकडे ये.

शिक्षकाच्या हातून चांगलें काय घडूं शकतें त्याचें उदाहरण दूर नाहीं. मुंबईच्या चर्नी रोडवरील बागेंत एक शाळकरी मुलगा रोज वाचीत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या दृष्टीस पडे. केळुसकर मिशनच्या विल्सन हायस्कुलांत शिक्षक होते. त्यांनीं त्याची विचारपूस केली, त्यास पुस्तकें दिलीं, आणि १९०७ सालीं तो मॅट्रिक झाल्यावर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठीं शब्द टाकला. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढें १९१३ सालीं बडोद्याची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. मुदत तीन वर्षांची. परतल्यावर दहा वर्षें बडोदें संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून दिलेला. न्यूयॉर्कहून ते लंडनला गेले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावें लागलें.

यापुढील भाग कोल्हापूरकरांनीं विशेष लक्षांत ठेवावा. आंबेडकर मुंबईस सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापक झाले व पगारांतून पै पै शिल्लक टाकूं लागले. १९२० च्या मार्चमध्यें कागल जहागिरींतील माणगांव येथें परिषद भरली, तींत शाहू छत्रपतींनीं त्यांचा जाहीर गौरव केला. त्याच वर्षीं स्वतःची शिल्लक, नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलें पांच हजार रुपयांचें कर्ज, आणि शाहू महाराजांची मदत एवढ्या बळावर ते पुनः लंडनला गेले. तेथें पोटाला चिमटा घेऊन, ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयांत सकाळपासून बसून, १९२३ पर्यंत त्यांनीं अर्थशास्त्रांतील डी. एस्सी. व बॅरिस्टरी दोन्हीं पुरीं केलीं. पैसा अपुरा पडला असतां विद्या अर्धी सोडून परत येणें, नोकरी करणें व तीन वर्षांनीं पुनः जाऊन ती पुरी करणें, याला आपल्याकडील पालक हल्लीं 'वर्ष फुकट गेलें' म्हणतात! डॉक्टर आंबेडकरांचीं अशीं तीन वर्षें गेलीं.

महाराष्ट्र सरकारची परदेशच्या उच्च शिक्षणासाठीं असलेली शिष्यवृत्ति राजर्षि शाहू महाराजांच्याच नांवानें दिली जाते. ती अनुसूचित जाति व नवबौद्ध विद्यार्थ्यांकरितां आहे. इतर वर्गांसाठींही निरनिराळ्या योजना आहेत. त्यांच्या अटी वरचेवर बदलतात. म्हणून कोणाच्या सांगण्यावर न विसंबतां समाजकल्याण खात्याच्या कचेरींत जाऊन चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी. बहुतेक शिष्यवृत्त्या पदवीनंतरच्या शिक्षणास मिळतात. यास्तव बारावी होतांच जाण्यापेक्षां येथें चांगली पदवी घेऊन मग जाणें हें गरीब घरच्या मुलास पुष्कळदां हिताचें असतें. बारावीनंतर लगेच जाण्याचा एक मार्ग जपान सरकारच्या शिष्यवृत्तीचा आहे. तींत निवड झालेल्यास पहिलें वर्ष केवळ जपानी भाषा व पूर्वतयारी यांत घालवावें लागतें. उमेकोची हकीकत वाचल्यावर त्या एका वर्षाचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. पुण्याजवळ पौड येथें १९९७ पासून 'युनायटेड वर्ल्ड कॉलेज' नांवाची निवासी शाळा आहे. तेथें देशोदेशींचीं मुलें अकरावी-बारावीच्या वयांत एकत्र राहून शिकतात, व निवड झालेल्या होतकरू मुलांस ऐपतीप्रमाणें आर्थिक साहाय्यही मिळतें. परदेशाची तयारी परदेशीं न जातां होऊं शकते, ती अशी.

इंग्रजीची जी परीक्षा बहुतेकांना द्यावी लागते, आयेल्ट्स म्हणून, तिचे ऐकणें, वाचणें, लिहिणें व बोलणें असे चार भाग असतात, आणि तिचा निकाल दोनच वर्षें ग्राह्य धरला जातो. अकरावींत घाईनें दिलेली परीक्षा पदवीनंतर निरुपयोगी होते. शिकवण्यांच्या जाहिरातींत ही गोष्ट आढळत नाहीं.

प्रकृतीविषयीं लिहिलें पाहिजे, कारण आनंदीबाईंची गोष्ट तेथेंच थांबते. निघण्यापूर्वीं त्या आजारी असत; अंगांत कसर, डोकेंदुखी, अशक्तपणा. मावशींनीं अमेरिकेहून औषधें पाठविलीं होतीं. फिलाडेल्फियाची थंडी व मानवणारें अन्न न मिळणें यांनीं दुखणें बळावलें. नऊवारी नेसून पाय उघडे पडत व थंडी बाधे, म्हणून त्या गुजराती पद्धतीनें नेसूं लागल्या. परंतु आहार त्यांनीं बदलला नाहीं. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. त्या वेळीं क्षय आंत शिरलेला होता.

आणि याच वेळीं कोल्हापूर दरबारनें त्यांना बोलावणें धाडलें. ज्या शहरांतून आठ वर्षांपूर्वीं तें पत्र गेलें, त्याच शहरांतील आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलांत स्त्रियांच्या विभागाच्या मुख्य डॉक्टर म्हणून त्यांची नेमणूक झाली. आज आपण ज्यास सी. पी. आर. म्हणतों तेंच हें हॉस्पिटल. त्या मुंबईस उतरल्या, परंतु कामावर रुजू होऊं शकल्या नाहींत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुणें येथें त्यांनीं देह ठेविला. बावीस वर्षें पुरीं व्हावयास महिना उणा होता. त्यांच्या अस्थि मावशींकडे धाडण्यांत आल्या व न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी येथील दफनभूमींत त्या पुरलेल्या आहेत. याच पोकीप्सी गांवच्या कॉलेजांतून सुतेमात्सु १८८२ सालीं पदवीधर झाली होती. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलांतील स्त्रियांच्या सेवेचें काम पुढें डॉक्टर कृष्णाबाई केळवकर यांनीं केलें. कोल्हापूरच्या मुलींच्या शाळांच्या अधिकारी रखमाबाई केळवकर यांच्या त्या कन्या. शाहू महाराजांच्या साहाय्यानें परदेशीं जाऊन शिकून आलेल्या. रखमाबाईंसारखी आई घरांत असणें ही तयारीच म्हणावयाची.

तेव्हां माझें पालकांना सांगणें असें कीं, मुलाच्या दांतांपासून छातीपर्यंत सर्व तपासणी जाण्यापूर्वीं वर्षभर आधीं करून घ्यावी, त्यास निदान भात-आमटी, पोळी व एक भाजी स्वतः करतां येईल असें शिकवावें, आणि मुलगी असो वा मुलगा, 'मला येथें जमत नाहीं' हें वाक्य घरीं बोलावयाची त्यास मोकळीक आहे एवढें जाण्याच्या आदल्या दिवशीं त्याला स्पष्ट शब्दांत सांगावें. माझ्या त्या विद्यार्थ्यास हें कोणी सांगितलें नव्हतें, मीही नाहीं.

त्या पन्हाळ्याकडील गृहस्थांनीं सर्व ऐकून घेतलें. मग माहितीपत्रक उलटें करून माझ्यापुढें ठेविलें व म्हणाले, "ह्याच्या पाठीवर लिवून द्या काय काय लागतंय ते." आम्ही लिहूं लागलों तेव्हां पहिल्याच ओळीस अडलों. शाळेच्या दाखल्यावर मुलाच्या नांवांत वडिलांचें नांव एका प्रकारें, तर आधार पत्रावर दुसऱ्या प्रकारें. जन्मतारखेंतही एका दिवसाचा फरक. पासपोर्टासाठीं हीं सर्व एकसारखीं असावीं लागतात. पासपोर्टाची सोय आतां कोल्हापुरांत टपालखात्याकडेच झालेली आहे, पण कागद जुळले नाहींत तर ती जवळची कचेरीही दूरच राहते. ही दुरुस्ती विद्यार्थी शाळेंत असतांना सोपी असते, शाळा सोडल्यावर फार जिकिरीची होते. ज्यांचीं मुलें सध्यां आठवी-नववींत आहेत त्यांनीं जन्माचा मूळ दाखला घेऊन, दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीं, शाळेच्या कचेरींत येऊन नोंदवहींतील नांव व तारीख एकदां पडताळून पाहावी.